पितळी गुंड

पोळ्याच्या करीला, पाऊस उघडलेला,
टेंभुरडोहच्या आमदंगलीत
शेवटच्या जोडीला पितळी गुंड लावला होता
आणि जोडी लागेना.

कारण एका बाजूला गुलाब राऊत.
जिनिंगमध्ये रुईच्या गाठी ढकलणारा.
त्याला एकदा गंमत म्हणून धान्याच्या काट्यावर चढवलं
तर काटा एकशे सातवर जाऊन अडकला
तो दुकानदाराला बदलावाच लागला.
दुसऱ्या बाजूला कोणीच नाही.
मग गर्दीतून सोनबा मसराम निघाला,
वावरांना तारेचं कुंपण ओढून देणारा
आणि त्या तारेपेक्षा फार जाड नसलेला.
लोक हसले.
"अबे, तुले कायले मराचं हाय?"

वजन दिसतं.
डाव दिसत नाही,
तो होऊन गेल्यावर कळतं, होता.
गुलाबनं त्याची मान दाबली, एकदा, पुन्हा,
खुंटा ठोकावा तशी,
तिसऱ्यांदा सोनबा आपणहून खाली गेला,
काखेतून शिरला, मांडीत हात घातला,
आणि ते अख्खं एकशे सात किलो
ट्रॉली उलटावी तसं
त्याच्या खांद्यावरून पलीकडे.
"कलाजंग!" मामा ओरडला.
डफडेवाला वाजवायचं विसरला,
म्हणून मला तो दुसरा आवाज आला,
ओली फांदी पिळल्यासारखा.

आमच्या अंगणात हरलेला चालत आला.
त्याच्या पाठीवर जिंकलेला.
बोटात अडकवलेला गुंड, वाटेत कुठेतरी आपटून पोचा आलेला.

माय हाडं बसवायची.
चाळीस किलोची बाई, हातातला तंबाखू तोंडात टाकून उठली,
सोनबाचा खांदा चाचपला.
"डाव शिकवले तुले. सोडाचं कई, हे नाही शिकवलं कोनं?"
मग गुलाबकडे वळून,
"तू बस याच्या छातीवर.
पुरा नको बसू, मरन."
तो बसला. अर्धाच. श्वास रोखून,
अंड्यांवर बसल्यासारखा.
मायनं काखेत टाच रोवली, मनगट धरलं,
आणि विचारलं, "पोट्टे किती हायेत तुले?"
सोनबा "दो" म्हणेपर्यंत
खांदा घरात गेला होता.

घाम गुलाबला फुटला.
बराच वेळ तो तसाच, उठायचं विसरून.
"मावशे, माह्यासंग कधी कोनी भांडलंच नाही.
पाहूनच वापस जात.
मले वाटे, मले कुस्ती येते."
माय काही बोलली नाही,
हळद कालवत राहिली.

गुंड आमच्याकडेच राहिला.
सोनबा म्हणाला, एका हातानं नेऊ कसा.
गुलाब म्हणाला, माहा नाही थो.

किराण्याच्या ओट्यावर अजून वाद होतो.
जाडी माणसं म्हणतात, माती ओली होती, पाय घसरला.
बारकी म्हणतात, कलाजंग.
जो तो आपल्या अंगापुरतं सांगतो.
मला विचारलं तर मी साखर तोलायला सांगते,
कारण मी त्या दोघांच्या थंड्या पाहिल्यात,
कार्तिक लागला की एक गुडघे घेऊन यायचा,
एक खांदा घेऊन.
माय त्याच गुंडात पाणी तापवायची,
पोचा भिंतीकडे करून,
आणि आधी कोणाला शेकायचं
यावरून दोघांची जुंपायची.

बहुतेक वेळा गुलाब जिंकायचा.
खरंच जिंकायचा,
की सोनबा त्याला जिंकू द्यायचा,
हे मी चुलीपाशी बसून, इतक्या जवळून पाहिलं,
तरी मला सांगता येणार नाही.