टाकी

कौन्सिलचं पत्र आलं होतं:
गॅरेजची खोली करा, हरकत नाही,
पण रस्त्याकडची भिंत आळीतल्या इतर घरांसारखी दिसली पाहिजे.
दिसली पाहिजे. असली पाहिजे, असं नव्हतं त्यात.

टॉडमॉर्डनमधली आमची आळी म्हणजे
पिवळा दगड, गिरण्यांच्या धुराने काळवंडलेला.
आणि गॅरेज सिमेंटच्या ब्लॉकचं,
आधीच्या मालकाने पांढऱ्या रंगाने चोपडलेलं.

मंगळवारी बॅराक्लफ आला.
व्हॅनमधून त्याने दगडाचे काप उतरवले,
बोटाच्या पेराएवढे जाड, मागून करवतीने सपाट.
मी एक उचलला. एका हाताने.
तेवढ्यानेच फसवल्यासारखं झालं.
मला माहीत असलेला दगड
उचलायला दोघं लागायची.

संध्याकाळपर्यंत तीन थर चढले.
सकाळी पाच काप गवतात उताणे,
पाठीवर मालाचा थर, त्यावर
भिंतीवरून सोलून आलेला पांढरा पापुद्रा.
त्याने शिवी दिली नाही. एक काप उलटा करून
माझ्यापुढे धरला.
"चिकटलंय की," म्हणाला.
"रंगाला चिकटलंय. भिंतीपर्यंत पोचलंच नाही."

मग सगळं उतरवलं. आणि रंग टोचून काढायचा म्हणून
त्याने मशीन लावलं; त्याचा खांदा दुखरा,
दर दहा मिनिटांनी थांबायचा.

मी आत गेले.
लाटण्यांच्या खणात, तळाशी,
वडिलांची टाकी होती. आणि बारकी हातोडी.

वडील बार्शीच्या गल्ल्यांतून ओरडत जायचे,
पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ
बाया पाटे ओसरीवर आणून टेकवायच्या,
चटणी सरकते म्हणायच्या, वाटली जात नाही.
ते डोळे बारीक करून बसायचे, कपच्या उडतात म्हणून,
आणि ठोके पाडायचे, शेजारी शेजारी,
देवीच्या व्रणांसारखे.
बारा आणे. कधी मूठभर शेंगदाणे.
"गुळगुळीत झालं की दगड काही धरत नाही,"
हे ते पाट्याबद्दलच बोलायचे.
मी उगीच मोठा अर्थ लावणार नाही.
मिक्सर आले, आणि टाकी ट्रंकेत गेली.

टक्. टक्. ब्लॉक मऊ निघाला, काळ्या दगडापुढे
अगदीच भुसभुशीत.
बॅराक्लफने माझी पकड पाहिली,
मशीनची वायर गुंडाळली,
आणि स्वतःची छिन्नी घेऊन दुसऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.
दीड दिवस आम्ही एकमेकांशी
चहा, साखर, एवढंच बोललो.
तिसऱ्या दिवशी माझं मनगट सुजलं.

त्यानंतरचं काम त्याचं.
भिंतीवर पाणी मारायचं, तहानलेली ठेवायची नाही.
पहिला गिलावा, त्यावर फणीने आडव्या रेघा.
कापाच्या पाठीला माल लावायचा, भाकरीला लोणी लावावं तसा, कडेपर्यंत,
आणि दाबून जरासा घोळवायचा,
कडांतून माल डोकावेपर्यंत.
खाली पाणी निघायला जागा ठेवायची.
इथे पाऊस विचारून येत नाही.

दुसऱ्या दिवशी थापीच्या दांड्याने
त्याने एकेक काप वाजवून पाहिला, कान जवळ नेऊन.
दोन पोकळ वाजले. काढले. पुन्हा लावले.
वडीलही असेच वाजवायचे,
टाकी लावण्याआधी. पाटा आतून फुटका असला
तर पैसे घ्यायचे नाहीत.

शेजारच्या मिसेस ऑल्ड्रॉइड कुत्र्याला घेऊन थांबल्या.
"पहिल्यापासून इथेच असल्यासारखी दिसते," म्हणाल्या.
बत्तीस वर्षं झाली मला इथे.
मी हो म्हटलं.

कौन्सिलचा माणूस आला, दोन फोटो काढले,
खूण केली, गेला.

टाकी परत लाटण्यांखाली ठेवलीय.
टोकाला थोडा पांढरा रंग लागलाय.
पुसेन कधीतरी.