चार बोटं फट

तेरा अंशांचा आकडा
लिफ्टजवळच्या फलकावर कुणीतरी खडूनं लिहिला होता,
पुढं उद्गारचिन्ह.
घणसोलीत एवढी थंडी म्हणजे कौतुकच :
स्वेटरांना डांबरगोळ्यांचा वास,
पोरं तोंडातून वाफ काढून दाखवायची एकमेकांना.

लिंबाजी हसायचा.
"ही काय थंडी हाय का ताई,
आमच्या जिंतूरला पहाटं बादलीतल्या पाण्याला..."
आणि वाक्य तिथंच सोडून
गेट उघडायला जायचा,
कानाला मफलर, पायात मात्र स्लिपर.

त्या रात्री ड्यूटी संपवून आले साडेतीनला.
गवळीदेवाच्या डोंगरावरून वारा सरळ रस्त्यावर उतरलेला.
रिक्षावाल्यानं तीनदा हॉर्न दिला.
गेट हललं नाही.

केबिन म्हणजे पत्र्याचा डबा.
काचेला आतून टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा,
दाराखाली पोतं,
नीट, मन लावून कोंबलेलं.
आत घमेल्यात कोळसे,
धूर नाही, वास नाही,
आणि खुर्चीत लिंबाजी
इतका गाढ, की मला त्या झोपेचा आधी राग आला.
भीती नंतर आली.

ओढून बाहेर काढला आम्ही दोघांनी,
मी आणि तो रिक्षावाला,
ज्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.
पेव्हर ब्लॉकवर कुशीला वळवला.
जिला आठवडाभर नावं ठेवत होतो
तीच थंडी त्याच्या नाकातोंडात शिरू दिली.
तो ओकला. म्हणाला, "डोकं फुटतंय."
मग म्हणाला, "सेक्रेटरी साहेबांना सांगू नका."

वाशीला दोन दिवस प्राणवायूची नळी.
तिथं उशीला टेकून बोलला :
"गावाकडं रातभर जाळायचो की,
पऱ्हाट्या, तुराट्या,
धाबारा जण गोल बसून.
काय झालं न्हाई कधी."
मी म्हटलं, तिथं वर छप्पर कुठं होतं, लिंबाजी?

तो बराच वेळ
वॉर्डातल्या पंख्याकडं बघत राहिला.

आता घमेलं बाहेर असतं, गेटपाशी,
भोवती दोन कुत्री.
ब्लँकेटचा ठराव झालाय, बिल अजून फिरतंय.
मी लोकरीचे मोजे दिले, एकाचा अंगठा उसवलेला;
तेवढा त्यानं पांढऱ्या दोऱ्यानं शिवला
आणि बूट घालायला लागला.

काच चार बोटं सरकवलेली असते.
मिटू नये म्हणून फटीत अडकवलीय
त्याचीच एक स्लिपर.
रात्री येताना वळणावरूनच
मी आधी ती शोधते.
गेटचं नंतर.