इथपर्यंत

हे चालू केल्यावर पहिली वीस मिनिटं
याला काही विचारायचं नसतं, अनिमेष.
आधी तापलेल्या धुळीचा वास येतो,
मग सूर जरा भटकतो,
मग पांढरी चारच्या आसपास कुठेतरी बूड टेकतो.
तोवर आपण चहा घ्यायचा.

तुझा लॅपटॉप उघडताच सुरात.

नैरोबीहून परतलेल्या रतिलाल अमीनांनी
ऐंशी साली हे मला हप्त्यानं दिलं.
अठरा हप्ते.
शेवटचे दोन राहिलेत,
आता रतिलालभाई राहिले नाहीत.

एका वेळी एकच सूर बोलतो हा गडी.
दोन पट्ट्या दाब, वरचीचं ऐकेल,
खालचीला म्हणेल, थांब जरा.
आणि आठवण म्हणून काही नाही याला.
बासरीवरून शहनाईवर यायचं
तर सात बटणं हातानं फिरवायची,
पुढची टाळी पडायच्या आत.

एका अष्टमीला स्टेजवरचे दिवे गेले.
जनरेटरवर फक्त आवाज उरला.
हंसाबेननं गाता गाता
कपाळावरची टिकली काढली
आणि या बटणाच्या कडेला चिकटवली.
म्हणाली, भाई, अहीं सुधी.
इथपर्यंत.
अंधारात बोटाला ती लागायची.
पुढच्या वर्षी तिनं पाकीटच आणलं,
शहनाईच्या लाल, बासरीच्या हिरव्या.

एक वाजून गेला, हवा गार पडली
की हा उतरायचा. केसभर.
हंसाबेन उतरायची त्याच्याबरोबर,
मागोमाग बेंजोवाला कनु, शिव्या देत, तारा सैल करत,
आणि आठ हजार माणसं
गोल फिरता फिरता
खालच्या सुरात गेलेली असायची,
आपण कुठे आलोय हे न कळता.

तुझ्या पडद्यावर याचंच चित्र आहे.
लाकडी कडा आहेत. ओरखडेसुद्धा
काढलेत कुणीतरी, अगदी निगुतीनं,
जगात जो विकत घेईल त्याला
तेच ओरखडे, त्याच जागी.

तू मला भिंतीकडे तोंड करून बसवलंस.
एकदा हे वाजवलंस, एकदा ते.
सांगा काका, कुठलं कुठलं.
मी चुकलो.
पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलो.
तिसऱ्यांदा तू मुद्दाम सोपं दिलंस,
ते मला कळलं,
उत्तर नाही कळलं.

मग तू एक बटण दाखवलंस, खाली कोपऱ्यात.
त्याचं नाव वय.
शंभरावर नेलं की सूर डुगडुगतो,
शून्यावर आणलं की कारखान्यातून निघाल्यासारखा सरळ.
मी ते पुढेमागे करत राहिलो,
चाळीस, बारा, सत्तर, बारा,
तू घड्याळ पाहीपर्यंत.

यंदा लॅपटॉप ने.
हे उचलायला दोन माणसं लागतात
आणि दांडिया बाजारातला दुरुस्तीवाला शेखही
आता मोबाईलच्या काचा बदलतो.
मी खरंच सांगतो, राग नाही.
फक्त टिकल्यांना हात लावू नकोस,
फोटोत त्यांच्यावर चकाकी येते म्हणून काढू नकोस.

पहिल्या रात्री मी घरीच होतो.
साडेअकराला चादर काढली, चालू केलं,
चहा केला, वीस मिनिटं थांबलो.
खिडकीतून मैदान ऐकू येत होतं,
तुझी शहनाई, स्वच्छ, जराही न ढळणारी.
हा मात्र सवयीनं उतरायला लागला होता.
मागच्या बाजूचा छोटा स्क्रू
नखानंच फिरवला,
अजून थोडा,
अजून,
तुझ्याशी मिळेपर्यंत.

मग एकच सूर धरून बसलो.
इतक्या लांबून कुणाला काय ऐकू येणार.
बारा वाजता तिकडे सगळं एकदम थांबलं
आणि इकडे माझं बोट तसंच
पट्टीवर.