समोरून

तुर्दुबेक सर निवृत्त झाले आणि त्यांची शिट्टी
माझ्या गळ्यात पडली. दोन्ही अर्थांनी.
मी भूगोलाची. वेळापत्रकात त्या तासाला मोकळी होते,
एवढाच गुन्हा.

नारीनमधला जानेवारी, गुरुवार, दुसरा तास.
बाहेर उणे बावीस. आत किती ते कोण मोजणार?
फुटलेल्या तावदानाच्या जागी प्लायवूड,
त्यावर कुणीतरी कोळशाने काढलेला सूर्य,
आणि सगळ्या हॉलला वास :
रबराचा, ओल्या मोज्यांचा, मेंढीच्या चरबीचा.

मधोमध तो उभा.
चार पाय, डोकं नाही, शेपूट नाही,
पोटाच्या शिवणीतून भुसा डोकावतोय.
खाली कारखान्याचा शिक्का, आणि एक साल :
त्या साली माझी आई सहावीत होती.
तिनेही मारली असणार यावरून उडी.
विचारायचं राहून गेलं.

वहीत रकाने आहेत.
साठ मीटर किती सेकंदांत धावलं की पाच गुण, कितीत तीन.
दोर. उठाबशा. घोड्यावरून लांब उडी, गुडघे सरळ.
स्टॉपवॉचचं बटण अडकतं,
त्यामुळे माझ्या वर्गातलं प्रत्येक मूल
दीड सेकंद हळू धावतं.
ते दीड सेकंद मी गुपचूप परत करते.

तिलेक धावला. फळीपाशी आला, आणि खिळला.
एर्लान धावला. खिळला.
बुरुल तर अर्ध्यातूनच वळली,
बुटाची नाडी सुटली म्हणाली. नाडी नव्हतीच बुटाला.

ही तीच पोरं,
जी धड चालायच्या आधी खोगिरावर बसली,
जी उन्हाळाभर वरच्या कुरणांवर
घोड्यावरच भांडतात, खातात, पेंगतात.
आणि या भुसा भरलेल्या म्हाताऱ्यापुढे
त्यांचे पाय लटपटावेत?
मी शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली.
शिट्टीला भूगोल येत नाही, मला शिट्टी येत नाही.

तेव्हा बाकावरून बेगायिम बोलली.
बाकावर कारण तिच्याकडे दाखला आहे :
हृदय, डॉक्टरांची सही, जांभळा शिक्का.
(सकाळी झऱ्यावरून दोन बादल्या चढावर आणते
तेव्हा तो दाखला कुठे असतो, मी विचारलेलं नाही.)

“एजे, तुम्ही त्यांना मागून पाठवताय.
घोड्याकडे मागून कोण जातं?
लाथ बसेल ना.”

कुणी हसलं नाही.
मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

ती उठली. नमद्याच्या बुटांतच.
समोरून आली, जरा डावीकडून,
जिथे मान असती तिथे हवेत थोपटलं,
काहीतरी पुटपुटली, आपल्यासाठी नव्हतं ते.
मग एक हात, एक झेप, वर.
उभी राहिली पाठीवर,
प्लायवूडच्या सूर्याइतकी उंच,
आणि पलीकडे उतरली, बर्फ पडतं तशी.

मी तिचं मनगट धरलं. नाडी मोजली,
घड्याळ खोटं बोलतं हे माहीत असून.
मोजली, चुकले, पुन्हा मोजली.
ती म्हणाली, “धावतोय तो. त्याला धावायचं असतं.”
हृदयाबद्दल बोलत होती की घोड्याबद्दल, कळलं नाही.

मग सगळे रांगेत. समोरून, डावीकडून.
प्रत्येकाने आधी थोपटलं.
तिलेकने तर खिशातली साखरही दाखवली,
आणि स्वतःच खाल्ली.

गुडघे कुणाचेच सरळ नव्हते.
वहीत ‘लांब उडी’च्या रकान्यात काय लिहावं
याचा मी घंटा होईपर्यंत विचार केला.
तारीख लिहिली. तापमान लिहिलं.
बेगायिमचा दाखला घडी घालून परत दिला,
उद्या तिच्या आईला बोलावणं धाडायचं की नाही
हे अजून ठरत नाही.

हॉल रिकामा झाला. चटया गोळा करायच्या होत्या,
शेवटची नेमकी त्याच्या मागे पडलेली.
आजूबाजूला कुणी नव्हतं.
तरी मी लांबून वळसा घातला.