मागची बाजू

चित्र चौथ्यांदा दुकानात आलं
तेव्हा मी ते आधी पालथं केलं.
पुढून सगळेच बघतात.

तपकिरी कागद फाडला. माझाच तो,
माझ्याच खळीचा वास अजून त्याला.
खाली पेन्सिलीनं चिदंबर पत्ताराचं अक्षर,
अर्धं कन्नड, अर्धं मराठी, जसं त्याचं बोलणं:
'अकरा दिवस. पांढरा संपला.
पायांनीच चार खाल्ले.'

पाय वडगावच्या मल्लेशी विणकराचे.
मागाच्या खड्ड्यात उतरलेले, गुडघ्याखालचे तेवढे.
वर साडी नाही, चेहरा नाही,
दोन पावड्या आणि त्यांवर दोन तळवे.
हलू नको म्हणून बसवून ठेवलं
त्यात मल्लेशीची एक साडी मागं पडली.
ती कुणी धरली नाही हिशेबात.
चिदंबरनं चहा पाजला, दोनदा.

पहिल्यांदा चित्र आलं ते पोत्यात गुंडाळून.
चिदंबर जाऊन महिना झालेला.
गंगव्वानं विचारलं, एष्टु?
मी म्हटलं तीनशे.
ती म्हणाली, साकु.
तीनशेच का म्हटलं, ते अजून सांगता येत नाही मला.
खिशात पाचशेची नोट होती.

पट्टी मारून, काच लावून
टिळकवाडीच्या दातांच्या डॉक्टरला दिलं, नऊशेला.
माझा दीड दिवस त्यात, हे मी स्वतःला सांगितलं.
डॉक्टरकडून उद्यमबागच्या फौंड्रीवाल्यानं घेतलं, अठरा हजार,
त्याला सोनेरी फ्रेम पाहिजे होती.
त्याच्याकडून बेंगळूरच्या एका बाईनं, दोन लाख,
तिला फ्रेम दिसूच नये अशी फ्रेम पाहिजे होती.
आता पुण्याचा कोणी. चौदा.

एवढ्या वर्षांत चित्रावर एक फराटा वाढला नाही.
वाढला तो डाव्या अंगठ्याजवळ
झुरळानं खाल्लेला ठिपका,
आणि त्याचंही म्हणे कौतुक असतं.

रात्री शटर ओढून
चौदा लाखांना अकरानं भागून बघितलं.
भाग जात नाही.
मल्लेशीचे दिवस मिळवले, माझ्या चार फ्रेमी मिळवल्या,
काचेच्या कारखान्यातला कुणी, साग तोडणारा कुणी,
सगळ्यांना बसवलं ओळीनं.
तरी बाकी उरतेच.
ती बाकी घेऊन माणसं गाडीत बसतात.

गंगव्वाच्या भाषेत वेळे म्हणजे वेळ
आणि बेले म्हणजे किंमत.
जीभ जराशी पुढं सरकते, आणि
पहिल्या अक्षराला उघडा असलेला ओठ
दुसऱ्याला मिटतो.
एवढंच अंतर आहे बघा.

दुकानाची पाटीही चिदंबरचीच.
दोन लिप्या, एकाच मापाच्या, दोरी धरून आखलेल्या.
एका रात्री कुणीतरी त्यातल्या एकीला डांबर फासलं.
कुठल्या, ते मी सांगत नाही.
दोन्हीला त्याला सारखाच वेळ लागला होता,
मी शिडी धरून उभा होतो.

गंगव्वा रविवारी खासबागच्या बाजारात चिंच विकते.
तिच्याकडून घेताना मी वजन बघत नाही,
सुटे परत मागत नाही.
तिला वाटतं, माणूस विसरभोळा आहे.

पुण्याचा माणूस काल येऊन गेला.
अडीच हजार? म्हणाला. दोन करा की.
मी केले दोन.
त्यानं तळव्यांकडे बोट दाखवून विचारलं,
हे बैठं नृत्य आहे का?
मी म्हटलं, असेल.

आज नवा कागद कापला.
चिकटवण्याआधी चिदंबरच्या ओळीखाली
पेन्सिलीनंच लिहिलं:
'मल्लेशी, एक साडी.'
त्याच्याखाली माझ्या तीनशेंसाठी जागा सोडली,
पेन्सिल तिथं बराच वेळ टेकवून धरली,
टोक मोडलं.

मग खळ वाळायच्या आत
कागद लावून टाकला.