फॉल

शेवंता हलगेकरची पाटी, खडेबाजार, शहापूर.
वर कानडी, खाली मराठी जरा बारीक;
फॉल मात्र दोन्हीकडं फॉलच.
पायाशी आतून शिवलेली पट्टी
कुणाला दिसत नाही,
निऱ्या तिच्याच वजनावर उभ्या.

गोकाकचा फॉल तिनं एकदाच बघितला.
झुलत्या पुलावर नवरा म्हणाला, खाली बघू नको.
हात धरला होता त्यानं.
पूल संपला तसा सोडला.

काल लेकीचा फोन, बोस्टनहून:
‘आई, हितं फॉल लागलाय. झाडं लाल झाल्यात.’
‘कुणी लावला गं? काठ धरून बसलाय न्हवं?’
पलीकडं नुसतं वारं.
मग हसू, उशिरा पोचलेलं.

हिनं दातानं दोरा तोडला,
डब्यातनं लाल पट्टी काढली.
गिऱ्हाइकाची साडी हिरवी होती.