सारा

माझ्या बॅगेत अंगठ्याचं मशीन असतं,
कॅमेरा, लॅपटॉप, आणि ओल्या टिश्यूंचं पाकीट,
कारण पोळ्या लाटणाऱ्या बोटांचे ठसे
मशीनला पहिल्या झटक्यात ओळखू येत नाहीत.

"पुसा ताई. परत ठेवा. जरा दाबून."
उलवे, गाळा नंबर चार.
दमयंती गरुड तिसऱ्यांदा अंगठा ठेवतात.
लिव्ह अँड लायसन्स, मुदत अकरा महिने.
पंचांगात तीन वर्षांनी अधिक महिना येतो,
आमच्या धंद्यात दरवर्षी एक उणा.

बाई इथे आल्या तेव्हा
अख्ख्या रस्त्यावर दोन खिडक्यांत उजेड होता
आणि बाकी कुत्री.
आधी त्यांनी सेंटरिंगवाल्यांसाठी लाटल्या,
मग विमानतळावरच्या पोरांसाठी,
मग रात्रपाळीच्या नर्सेससाठी, बिनतेलाच्या, मोजून तीन.
रिक्षावाले आता सेक्टर सांगत नाहीत,
"गरुडबाईंचा कोपरा" म्हणतात, मीटर टाकतात.

परवा दलालाची जाहिरात वाचली:
टू बीएचके, मोकळी हवा, विमानतळ जवळ,
*खालीच घरगुती पोळीभाजी.*
वरच्या फ्लॅटचं भाडं चार हजारांनी चढलं.
वरचं चढलं म्हणून खालच्या गाळ्याचंही.
म्हणजे बाई आता
स्वतःच्याच पोळीच्या वासाचं
भाडं भरतात.

प्रधान साहेब वाईट माणूस नाहीत.
बँकेतून निवृत्त, डिंकाचा लाडू हातावर ठेवतात,
माझ्या मुलाची दहावी विचारतात.
"मी कुठे वाढवतो हो? रेट वाढलाय."
ताप चढलाय म्हणावं तसं म्हणतात,
जसा कुणीच चढवलेला नसतो.
सहा वर्षांत गाळ्याकडे एकदाच आले,
शटरला कुलूप नीट बसतं का बघायला.

आणि समोरचा तो प्लॉट.
अकरा वर्षं पत्र्याच्या आड.
आत पाणकणीस, एक म्हैस, आणि कुणीतरी फेकलेला सोफा.
एक वीट नाही लागली तिथे.
रस्ता दुसऱ्यांनी केला, दिवे दुसऱ्यांनी लावले,
वास तर गरुडबाईंचा.
पत्र्याला गंज चढत गेला
आणि आतल्या मातीला भाव.

तिथला वॉचमन हिराजी घरत,
एका हाताच्या खुर्चीत बसलेला, तंबाखू मळत म्हणतो,
"आमचे बापाचे टायमाला सारा हुता.
पिकव, नाय त पड ठेव,
सारा जमिनीवर. भातावर नाय.
म्हून कोन उगाच पड ठेवीत नसं."
मग थुंकतो, आणि पत्र्याकडे बघतो
जणू तो ह्या वर्षीही पेरायचा राहून गेला.

त्या रात्री मी हिशेब मांडला,
बायकोच्या किराणा यादीच्या मागे.
पत्र्याच्या प्लॉटला सारा,
शेजारच्या सात मजल्यांच्या प्लॉटला तेवढाच,
जागा कोपऱ्यावर असेल तर थोडा जास्त.
विटेला शून्य. तव्याला शून्य. पोळीला शून्य.
जमेल तितकं जमलं, पुढे यादीतली तूरडाळ आली.
मी काही सरकार नाही,
करारामागे सातशे रुपयांचा माणूस.
आणि खोटं कशाला बोलू,
जासईच्या पुढे अर्धा गुंठा मीही बघून ठेवलाय,
तिथे काहीही करायचं नाही
म्हणून.

चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागतो.
बाई सुटल्यासारख्या हसतात, तव्याकडे पळतात,
पोळी एका बाजूने करपलीच.
मशीनच्या काचेवर पीठ राहिलेलं.

संध्याकाळी वाशीला, साहेबांच्या गॅलरीत,
मी काच पुसायची विसरतो.
किंवा विसरत नाही.
त्यांचा अंगठा गुळगुळीत, पहिल्याच झटक्यात लागतो.
साहेब बोटाकडे बघतात,
"हे काय पांढरं?"
रुमालाला पुसतात
आणि विचारतात, लाडू अजून एक?